रविवारच्या वजनाचे दोन कॉलम

बाबा, गेल्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी तुमची वजनाची वही कॉम्प्युटरवर उतरवायला बसले. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, तुम्ही नेहमी घ्यायचात तसली. चौदा वर्षं ती माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आईच्या दोन साड्यांखाली पडून होती आणि मी एकदाही उघडली नव्हती. गरजच वाटली नाही. त्यातले आकडे तुम्ही मला दर रविवारी वाचून दाखवलेले होते, ते माझ्या शीटमध्ये भरलेले होते, आणि ते सगळे चुकीचे निघाले त्याचा दोष मी केव्हाच खालच्या वाण्याच्या काट्याला देऊन टाकला होता. आता वही बाहेर काढली तीही तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. मी शनिवार-रविवारी सकाळी दादरला एका क्लासमध्ये शीट शिकवते. ढीगभर माहितीतून हवी ती ओळ कशी शोधायची, सगळ्याचा गोषवारा कसा काढायचा, चार्ट कसा मांडायचा, एवढंच. तिथे नुकत्याच रिटायर झालेल्या एक बाई येतात. त्या मध्यंतरी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या उदाहरणांत कायम आंबे नाहीतर केळी. एकदा तरी काहीतरी खरं द्या की." मला ते चांगलंच झोंबलं. घरी येऊन जुन्या फाइली धुंडाळल्या तर तुमच्या वजनाची शीट सापडली. पण शोधाशोध शिकवायची तर दोन तक्ते लागतात, एकातलं दुसऱ्यात पाहायला. दुसरा तक्ता म्हणून मला वही आठवली.

क्लासमध्ये व्हीलुकअप, म्हणजे नंबरावरून ओळ शोधून आणणारं सूत्र, आला की मी सांगते, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, मी आठ वर्षांची असताना. लोकांना वाटतं मी थट्टा करते. पण तुम्ही जिथे हजेरी ठेवायचात ते मिलचं टाइम ऑफिस मला अजून दिसतं. एवढा मोठा मस्टर, डाव्या कडेला प्रत्येक कामगाराचा तिकीट नंबर, पुढे नाव, खातं, पाळी, हजेरी. शाळेला सुट्टी होती, आई गावी गेली होती, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत आणि उंच स्टुलावर बसवलंत. मी पाय हलवतेय, तुमच्या टेबलावरच्या चहाच्या ग्लासावर माशी बसतेय, आणि तुम्ही विचारताय, "चारशे बारा कोण?" माझं बोट तुम्ही धरलंत आणि डाव्या कॉलमवर ठेवलंत. "आदी खाली जा, मगे उजवेक. मदीच उडी मारू नको." मी खाली खाली गेले. चारशे बारा काही मिळेना. मिळेना म्हणून मी चारशे अकराचं नाव वाचून दाखवलं, आणि तेही मोठ्या ऐटीत. तुम्ही माझं बोट सोडलंत. घरात तुम्ही कधी आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी तीन कारकुनांसमोर मला म्हणालात, "नाय तर नाय म्हणायचां. शेजारच्याक उचलून आणायचो नाय. एकाचो खाडो दुसऱ्याक लागता." मी रडले. मग तुम्ही कँटीनमधून बटाटावडा मागवलात आणि माझी समजूत काढायला पेन्सिलीच्या मागचा खोडरबर कापून दिलात. शीटमध्ये व्हीलुकअपच्या शेवटी तंतोतंत जुळणारंच हवं असं सांगितलं नाही तर तो अगदी मी केलं तेच करतो. नंबर नसला की गुपचूप अलीकडचा उचलून आणतो, आणि चूक झाली असं कुठे दाखवतही नाही. मी आजवर शेकडो लोकांना हे शिकवलं असेल, आणि प्रत्येक वेळी माझे कान थोडे गरम होतात.

तुमच्या त्या वहीच्या शिस्तीचा आईला फार त्रास होता. एकदा खात्यातल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, आपल्या मेव्हण्याची चार दिवसांची हजेरी भरून द्या म्हणून सांगितलं. तुम्ही भरली नाही. त्याने महिनाभर तुमच्याशी बोलणं टाकलं, आणि तो आपल्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायचा. आई म्हणाली, "चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं का?" तुम्ही भात कालवत म्हणालात, "तोंडान काय ता बोलान. वहीत खोटां लिवचां नाय." मला त्या वेळी फक्त एवढंच कळलं की आता जॉबरच्या मुलीबरोबर सागरगोटे खेळता येणार नाहीत. खोटी हजेरी कशी ओळखायची तेही तुम्हीच मला सांगितलं होतंत. खरा माणूस एखाद दिवस दांडी मारतो, एखाद दिवस उशिरा येतो. खोट्या माणसाची ओळ एकसारखी असते.

मिल बंद झाली, आई गेली, मी त्याच मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागले, आणि तुम्ही पोटाचं ऑपरेशन करून घरी आलात. डॉक्टरांनी गाठ काढली होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, दर आठवड्याला वजन करा, छप्पन किलोच्या खाली गेलं तर एक दिवसही थांबू नका, सरळ घेऊन या. मी त्याच संध्याकाळी शीट बनवली. एका कॉलममध्ये रविवारची तारीख, दुसऱ्यात वजन, आणि छप्पनच्या खालचा आकडा पडला की खण आपोआप लाल होईल अशी सोय केली. वजनकाटा विकत आणते म्हटलं तर तुम्ही हसलात. खाली वाण्याच्या दुकानात पोती मोजायचा एवढा मोठा काटा असताना घरात आणखी अडगळ कशाला? रविवारी सकाळी आंघोळ करून, वही काखेत घेऊन तुम्ही खाली जायचात, पोत्याच्या जागी उभे राहायचात, वाणी आकडा वाचायचा, तुम्ही लिहायचात. वर येऊन मला सांगायचात. मी गॅसजवळ पोळ्या लाटत असायचे, लॅपटॉप डब्यांच्या फळीवर. "साडेसत्तावन. लिव." मी पिठाच्या बोटाने लिहायचे.

चार्टसुद्धा मीच काढला. पहिल्यांदा काढला तेव्हा डावीकडचा आकडा चोपन्नपासून सुरू झाला होता, त्यामुळे अर्धा किलो कमी झालं तरी रेघ दरीत कोसळल्यासारखी दिसायची. मी तो आकडा शून्यापासून सुरू केला आणि रेघ झाली एकदम सपाट. तुम्हालाही तीच आवडली. "ह्या बरा दिसता," म्हणालात. आता मी क्लासमध्ये सांगते की बारीक फरक पाहायचा असेल तर रेघेचा चार्ट शून्यापासून काढायचा हट्ट धरू नका, जे बघायचंय तेच त्यात बुजून जातं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण रोज डोळ्यांसमोर दरी कुणाला हवी असते.

मग ऑफिसने मला नऊ महिन्यांसाठी हैदराबादला जायचं विचारलं. मी बत्तीस वर्षांची होते, कॉलेजपासून आधी आईचं आणि मग तुमचं आजारपण करत आले होते, आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला कामासाठी निवडलं होतं. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तेही जाणार नाही अशाच सुरात. म्हटलं, "तुमचं वजन साडेसत्तावन आहे, दीड किलो खाली गेलं की संपलं. मी नाही म्हणून कळवते." तुम्ही खिडकीत पान लावत बसला होतात. हातातलं पान तसंच ठेवून म्हणालात, "तू जा गो. माका काय होवचां नाय. शेजारची काकी आसा, खालचो शेट आसा." मी म्हटलं, "आणि रविवारचं वजन?" तुम्ही म्हणालात, "ता मी फोनार सांगतलंय." मी तरी अट घातलीच. जायला सहा आठवडे आहेत, या सहा रविवारांत छप्पनच्या खाली गेलं तर मी कुठेही जाणार नाही, आणि तिकडे गेल्यावर गेलं तर त्याच दिवशी परत येईन. तुम्ही मान डोलावलीत. मी मोठ्या न्यायाने वागतेय असं मला तेव्हा वाटलं होतं.

सहा रविवार गेले. सत्तावन, साडेसत्तावन, साडेछप्पन, सत्तावन, पुन्हा साडेछप्पन, पुन्हा सत्तावन. एकही खण लाल झाला नाही. मी गेले. तिकडून दर रविवारी फोन, तुम्ही आकडा सांगायचात, मी भरायचे. दोनदा डॉक्टरांना फोन करून मी मोठ्या विश्वासाने म्हटलं, "सरासरी सत्तावनच्या आसपास आहे." ते म्हणाले, छान. पाचव्या महिन्यात शेजारच्या काकींचा फोन आला, लगेच निघ म्हणून. मी परळच्या हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा तुम्ही ओळखू येत नव्हतात. कागदावर वजन लिहिलं होतं त्रेचाळीस. चारच दिवसांपूर्वी तुम्ही मला साडेछप्पन सांगितलं होतंत. डॉक्टर म्हणाले, "चार-पाच महिने आधी आणलं असतं तर," आणि त्यांनी कागद पुन्हा खाटेला अडकवला. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर मी खाली वाण्याकडे गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला काय वाटेल ते बोलले. तुझा काटा खोटा, पोत्यांत लोकांना लुबाडतोस तसं माझ्या बापाच्या वजनातही लुबाडलंस, तुझ्यामुळे माझा बाप गेला. तो माणूस गल्ल्यावर बसून माझ्याकडे बघत होता. त्याने एक शब्द उलट काढला नाही. गप्प बसला म्हणजे चोर आहे, असं मी धरून चालले. त्यानंतर मी त्याच्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेतली नाही. चाळ सोडेपर्यंत साखर आणायला नाक्यापलीकडे जायचे.

तर गेल्या रविवारी मी वही उतरवली. तुमचं अक्षर शेवटपर्यंत सरळ आहे, फक्त आकडे हळूहळू लहान होत जातात. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, तारखेवरून वहीतला आकडा माझ्या शीटसमोर आणला, आणि तिसऱ्या कॉलममध्ये वजाबाकी मांडली. दोन्हीकडचे आकडे एकच असल्याने सगळीकडे शून्य येणार, आणि क्लासमध्ये दाखवायला बरं पडेल की बघा, तक्ते जुळले म्हणजे असं दिसतं. शून्य, शून्य, शून्य. एका रविवारी गणपतीमुळे दुकान बंद होतं, तिथे शीटने सरळ नाही म्हणून सांगितलं. मग पुन्हा शून्य. आणि मग एक. मला वाटलं टाइप करताना चुकले. वही पाहिली, वहीत छप्पनच होतं. पुढे दीड, मग अडीच, मग साडेतीन. मी माऊस सोडून हात मांडीवर ठेवले. पहिला फरक कुठल्या तारखेचा हे मला तारीख न बघताच कळलं होतं. मी हैदराबादचं बोलले त्याच्या पुढचा रविवार. मी निघाले त्या दिवशी वहीत बावन्न आहे. फोनवरचा शेवटचा साडेछप्पन, त्याच्यासमोर वहीत चव्वेचाळीस.

काटा बरोबर होता, बाबा. तुम्ही खाली जाऊन खरा आकडा वहीत लिहायचात आणि दोन जिने चढून वर येईपर्यंत दुसरा तयार करायचात. कसे केलेत ते आकडे? कधी अर्धा वर, कधी अर्धा खाली. एकसारखी ओळ दिली असतीत तर मला संशय आला असता, हे तुम्हाला टाइम ऑफिसातल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. आणि इतकं करून वहीत मात्र एकही खोटा आकडा लिहिता आला नाही तुम्हाला. तुम्हाला काय वाटलं, मी ती कधी उघडणारच नाही? की उघडावी असं वाटत होतं? मी दोन्ही कॉलमांचा एकत्र चार्ट काढला. एक रेघ सपाट चालली आहे आणि दुसरी तिच्यापासून सुटून खाली, खाली. मला तुमचा इतका राग आला की मी उठून दुपारच्या उन्हात रस्त्यावर चालत सुटले. मला विचारायचं तरी होतंत. नऊ महिने काय, मी नोकरी सोडली असती. हे मी चालता चालता मोठ्याने बोलत होते, कारण एका बाईने मागे वळून पाहिलं.

चालत चालत लालबागला, आपल्या जुन्या चाळीपाशीच गेले. दुकान आहे अजून. आता मुलगा बघतो, पण म्हातारा बाकड्यावर बसलेला असतो. मी समोर जाऊन उभी राहिले, नाव सांगायच्या आत त्याने ओळखलं. "टाइमकीपरची पोरगी ना तू?" मी म्हटलं, "शेठ, काटा बरोबर होता." तो म्हणाला, "हां, बरोबरच होता." मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत. तो गुडघा चोळत राहिला. म्हणाला, "तुझे बाबा मला बोलले होते, शेठ, पोरगी पहिल्यांदा कुठेतरी चाललीय, काय बोलू नको. मी बोललो, डॉक्टरकडे चला, मी येतो बरोबर. ते बोलले, ऑपरेशनच्या टायमाला तिने दीड महिना हॉस्पिटलात खुर्चीत काढला, परत नाय बसवणार तिला. मग तू आली, चिडली. तुझा बाप गेला होता. तुला काय सांगणार, की तुझ्या बाबांनी मुद्दाम केला? म्हटलं काट्यावर जाते ना, जाऊ दे." चौदा वर्षं तो माणूस माझ्या शिव्या घेऊन बसला होता. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर त्याने खांदे धरून मला उठवलं. म्हणाला, "तुला काय माहीत होता, बेटा. तुला थोडंच माहीत होता." मी म्हटलं, "नाही हो शेठ. मला खरंच काही माहीत नव्हतं."

त्या दिवशी घरी आले, आणि आज हे लिहायला बसले आहे. हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही, कुणाला वाचायला द्यायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. क्लासमध्ये मी ती शीट नेणार नाही. त्या बाईंना पुन्हा आंबे-केळीच मिळतील. पण 'मला काही माहीत नव्हतं' असं वाण्याला जे म्हटलं ते मी गेली चौदा वर्षं काकींना, डॉक्टरांना, नवऱ्याला आणि स्वतःला म्हणत आले आहे, आणि तुमच्यापुढे तरी ते एकदा थांबायला हवं.

त्या सहा आठवड्यांत तुमचा कमरेचा पट्टा सैल झाला होता. तुम्ही मला बोलला नाहीत, मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा तो मी पिशवीत घालून नाक्यावरच्या मोच्याकडे नेला आणि एक नवीन भोक पाडून आणलं. तीन आठवड्यांनी पुन्हा नेला. दुसऱ्या खेपेला मोची म्हणाला, "आता नवीनच घ्या बाई, इथून पुढे कापावा लागेल." मी बरं म्हटलं, पट्टा गुंडाळून घरी आणला आणि खुंटीला होता तसा लावून ठेवला. मग मी बॅग भरायला घेतली. बाबा, मला माहीत होतं. मला जायचं होतं.